बर्फाला कोण जाणार

सात रस्त्याच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून म्हणाला, “ओ ताई, पोरगी झोपलीय की पुढं,” तेव्हा कुठं गुलनाजच्या ध्यानात आलं, की इफ्रा गाडीवर आहे हेच ती विसरली होती. विसरली म्हणजे साफ विसरली. नवी पेठेतून निघताना तिनंच लेकीला स्कूटीच्या पुढच्या जागेत उभं केलं होतं, उन्हासाठी स्वतःची ओढणी तिच्या डोक्यावरून घेऊन मानेमागं गाठ मारली होती, बाटलीतलं पाणी पाजलं होतं. त्यानंतर पार्क चौक कधी आला, रंगभवन कधी मागं पडलं, कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. इफ्रा उभ्या-उभ्या झोपली होती. कपाळ वेगाच्या काट्याच्या काचेवर टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं, दोन्ही बाजूंनी आईच्या गुडघ्यांत अडकलेली, म्हणून पडली नव्हती इतकंच. गुडघ्यांनी आपलं आपण धरून ठेवलं होतं, गुलनाजनं नव्हे. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न अंगावर आले, तिनं गाडी कशीबशी कडेला उसाच्या गाड्यापाशी घेतली आणि इफ्राला हलवून उठवलं. “अम्मी, घर आलं?” “नाही गं, उठ. डोळे उघड. बघू इकडं.” कपाळावर काचेच्या कडेचा अर्धगोल उमटला होता. गुलनाजनं सवयीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वर आली, खाली गेली, वर आली. सगळं जागच्या जागी होतं. घामानं फ्रॉक चिकटला होता, तेवढंच. मग आपण गाडी सुरू का करत नाही, हे तिला कळेना. मूल पडलं असतं म्हणून? तसं वाटायला हवं होतं, आणि ती तसंच वाटून घ्यायचा प्रयत्नही करत होती, पण आत दुसरंच काहीतरी होतं. नवी पेठ ते सात रस्ता एवढ्या वाटेत ती मनातल्या मनात पांढऱ्याशुभ्र उतारावरून खाली घसरत होती, एकटी, पायांना लांब पट्ट्या बांधून, आजूबाजूला कुणी नाही, कानांत नुसता वारा. आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं आठवलं, आणि तिनं इफ्राच्या मानेमागची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली.

बर्फाचं हे सगळं होळीच्या सुमाराला घरात शिरलं होतं. शाकीरचं, तिच्या नवऱ्याचं, दुकान पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं. सासऱ्यांनी, नबीसाबांनी, थाटलेलं. ते गेले, पाटीवर नाव राहिलं. यंदा उजनी धरणाचं पाणी लवकर मागं सरलं. काठावरच्या ऊसवाल्यांना, केळीवाल्यांना पाण्याच्या मागं-मागं जावं लागलं. काल ज्याची मोटार पाण्यात होती त्याची आज चिखलात, मग आणखी पाइप, आणखी केबल, आठवड्यानं पुन्हा आणखी. पाणी जितकं लांब गेलं तितका शाकीरचा माल खपला, आणि एक दिवस मोटारींच्या कंपनीच्या माणसाचा फोन आला की अभिनंदन, विक्रीत तुमचा नंबर लागलाय, बक्षीस फ्रान्स, डोंगरावर, बर्फावर, दोघांसाठी. “पाणी आटलं म्हणून आपण बर्फ बघायला चाललो,” शाकीर म्हणाला आणि मोठ्यानं हसला, मग हसणं आवरून म्हणाला, “हे बाहेर कुणापुढं बोलू नकोस हं.” त्या गावाचं नाव घरात कुणालाच धड घेता येत नव्हतं, म्हणून त्याला सगळे ‘वरचं गाव’ म्हणू लागले. वरचं गाव इतकं वर होतं, की तिथं एप्रिल संपतानाही घसरता येत होतं. झाडंसुद्धा खालीच थांबली होती. फोनवरच्या चित्रफितीत नुसता पांढरा डोंगर, त्यावर तारेला लटकत जाणाऱ्या खुर्च्या, आणि खुर्च्यांतून हलणारे माणसांचे पाय. गुलनाज ते पाय पुन्हा-पुन्हा बघायची. पायांखाली काहीच नाही आणि तरी ते हलतायत, गमतीनं, झोक्यावर बसल्यासारखे.

सासूबाईंना हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. पासपोर्ट काढले होते उमऱ्यासाठी, सगळ्यांचे, इफ्राचासुद्धा. आणि पहिला शिक्का बसणार तो बर्फाचा. “अल्ला के घर जाने के वास्ते बनाए सो पासपोट,” रशीदाबी कडक भाकऱ्या थापता-थापता म्हणायच्या, “और ये चले पट्टियां बांध के गिरने कू.” पण भाकऱ्या थापत होत्या त्या या प्रवासासाठीच, कारण तिथं खायला हलाल मिळतं की नाही याची खात्री नव्हती, आणि कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत असली की माणूस कुठंही जगतं असं त्यांचं मत होतं. नवी पेठेत गुलनाज गेली होती तीही त्याच तयारीसाठी, लोकरीच्या टोप्या आणि हातमोजे बघायला. बाहेर डांबर पायाला चिकटत होतं. दुकानदार माळ्यावरून गाठोडं काढता-काढता म्हणाला, “वहिनी, बरोबर महिना निवडला की तुम्ही!” गाठोड्याला डांबरगोळ्यांचा वास होता. इफ्रानं एक गुलाबी टोपी घातली, आरशात बघितलं, आणि घामाचा ओघळ कानावरून खाली आला. गुलनाजनं टोपी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. घ्यायची की नाही हे ठरत नव्हतं, कारण इफ्रा जाणार की नाही हेच ठरत नव्हतं. कंपनीचं दोघांचं होतं. तिसरं माणूस न्यायचं तर सोमवारपर्यंत नाव कळवायचं होतं. फोनवरच्या मीटिंगमध्ये पुण्याची एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली होती, “छोट्यांची काळजीच करू नका. बर्फातलं पाळणाघर आहे, कमरेला दोर बांधून शिकवतात. तुम्ही दोघं एकदम मोकळे.” मोकळे. त्या शब्दावर गुलनाजनं शाकीरकडं बघितलं नव्हतं.

शाकीरचं म्हणणं साधं होतं. “तू सांग.” न्यायचं तर नेऊ, ठेवायचं तर अम्मीकडं ठेवू, तू सांग. दोघं एकमेकांशी मराठीतच बोलायचे. लग्न ठरल्यावर तो दुकानातून फोन करायचा तेव्हा शेजारी नबीसाब बसलेले असायचे, आणि त्यांना वाटावं गिऱ्हाईक आहे म्हणून हा म्हणायचा, “बोला मालक, काय म्हणतीय मोटार?” अक्कलकोटला, वडिलांच्या घरात, झेडपीच्या मराठी शाळेच्या मास्तरांची ही लेक उशीत तोंड खुपसून हसायची. तेव्हाची सवय राहिली. घरात अम्मींशी दखनी, आपापसात मराठी. त्या भाषेत तिला काहीही बोलता यायचं. पण “तू सांग” ऐकलं की तीही भाषा आटून जायची. रात्रीच्या जेवणानंतर तो उत्साहानं सांगत बसायचा, की तिथं सगळं भाड्यानं मिळतं, बूट, पट्ट्या, हेल्मेट, चष्मे. की पहिल्या दिवशी घसरायला नाही, थांबायला शिकवतात. पुढची टोकं जवळ आणायची, टाचा लांब करायच्या, की पट्ट्या आपोआप अडतात. तो हॉलमध्ये सतरंजीवर उभा राहून करूनही दाखवायचा, गुडघे वाकवून, ढुंगण मागं काढून, आणि इफ्रा त्याच्यामागं तसंच करायची. “अब्बू, मी थांबले!” “शाब्बास. आता सोड.” गुलनाज भाजी निवडत बघायची. तिला वाटायचं, मुलगी वाकली की श्वास दाबला जातो का? बी.एस्सी.ला ती वायूंचे दाब शिकली होती. उंचावर हवा विरळ होते हे तिला ठाऊक होतं, का होते तेही ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

डॉक्टरांना विचारून झालं होतं. इफ्राला लहानपणापासून बघणारे म्हातारे डॉक्टर. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, तोंड उघडायला लावलं. “उत्तम. न्या की खुशाल. हळूहळू चढा, पाणी पाजत राहा.” “पण सर, तिथं ऑक्सिजन कमी असतो ना?” “असतो.” “मग?” “मग काय? तिथली पोरं तिथंच वाढतात.” एवढं बोलून त्यांनी चष्म्यावरून गुलनाजकडं बघितलं. “लेकीचं काही नाही हो. तुम्ही वेळेवर जेवता का?” तिला त्यांचा राग आला होता. ती काय विचारायला गेली होती आणि हे काय विचारत होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिच्या मनात आलं, यांनी ‘नेऊ नका’ म्हटलं असतं तर किती सोपं झालं असतं. इफ्रा इथं राहिली असती, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, आणि आपण… त्या ‘आपण’पाशी ती थबकली होती. म्हणजे आपल्याला काय हवं होतं? मुलगी नाजूक निघायला हवी होती? कुठली आई असं मनात आणते? मग तिनं ठरवलं की इफ्राला न्यायचंच. संध्याकाळी ठरवलं की कुणीच जायचं नाही. सकाळी दूध तापवताना वाटलं, इफ्रा अम्मींकडं राहील, मजेत राहील, लाड होतील. आणि या तिसऱ्या विचारानं अंगातून जी हलकी लहर गेली, ती तिला इतकी ओळखीची आणि इतकी वाईट वाटली, की दूध उतू गेलं.

इफ्रा अक्कलकोटला झाली, पहिलटकरणीच्या माहेरी, दिवस भरायच्या किती आधी. एवढंसं काहीतरी, निळसर, न रडणारं. सोलापूरला न्या म्हणाले. काचेत ठेवावं लागेल. गुलनाजला उठवत नव्हतं तरी ती गाडीत चढली, आणि तिच्यासोबतची नर्स, कन्नड बोलणारी, दणकट हातांची, बाळाला कापसात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. वाटेतल्या वळसंगच्या पुढं कुठंतरी बाळाची छाती हलायची थांबली. नर्सनं त्याच्या तळव्याला टिचकी मारली, आणखी एक, मग जोरात. आणि त्या मुठीएवढ्या छातीनं पुन्हा लय धरली. नर्सला एका हातानं नळी धरायची होती. ती गुलनाजला म्हणाली, “नोडरी, तुम्ही बघत राहा. हलायचं थांबलं की मला सांगा.” गुलनाज बघत राहिली. खिडकीबाहेर काय गेलं तिला ठाऊक नाही. ऊन होतं की सावली ठाऊक नाही. सोलापूर आलं, बाळ काचेत गेलं, ती काचेबाहेरून बघत राहिली. बाळ घरी आलं, तेव्हा पाळण्यापाशी बसून बघत राहिली. बघत राहा असं सांगणारं कुणीतरी होतं. आता पुरे, असं सांगायला मात्र कुणी आलं नाही. दणकट हातांची ती नर्स दवाखान्याच्या दारातून परत गेली असेल, त्याच गाडीतून, वाटेत कुठंतरी चहा पिऊन. तिला सांगायचं सुचलं नसेल. किंवा तिला वाटलं असेल, हे काय सांगावं लागतं?

सात रस्त्यावरून घरी आल्यावर, होटगी रोडच्या फ्लॅटमध्ये, कूलरपुढं इफ्राला झोपवून गुलनाज बाजूला बसली आणि तिला स्वतःची भीती वाटायला लागली. मूल सांभाळणारे हात एकदा विसरले, तर पुन्हा विसरणार नाहीत कशावरून? आज रस्ता होता, उद्या गच्ची असेल, परवा डोंगर. शनिवार असा गेला. म्हणून रविवारी सकाळी शाकीर म्हणाला, “उजनीकडं चाललोय, केमच्या पुढं, त्या केळीवाल्या मानसिंगच्या नव्या मोटारीत काहीतरी लफडं झालंय. इफ्राला नेऊ? होडी बघेल,” तेव्हा नेहमीचा नकार तिच्या तोंडून आला नाही. आजच्या दिवस ती माझ्याजवळ नको, असं काहीसं तिच्या मनात होतं. शाकीरलाच नवल वाटलं. “खरंच नेऊ?” “न्या.” तिनं पिशवी भरली: पाणी, टोपी, वाफेचं यंत्र, औषध, दुसरा फ्रॉक, तिसरा फ्रॉक. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि ती घरात आली. घर तेच होतं. रशीदाबी नात्यात मय्यतीला गेल्या होत्या. तिनं झाडू मारला. पुन्हा मारला. पलंगावर आडवी झाली, तेव्हा हात आपोआप बाजूला गेला आणि गादीवर, जिथं इफ्राची पाठ असते तिथं, पालथा पडून राहिला. फोन करावासा वाटत होता. करावासा वाटत नव्हता. बर्फाची चित्रफीत लावली. बघता-बघता मनात आलं, आपण बाई नुसत्या दोन डोळ्यांच्या झालोय, बाकीचं अंग कुठं ठेवलंय कोण जाणे. मग तिनं फोन केलाच. शाकीरनं उचलला नाही. तिकडं रेंज नसते, हे ठाऊक असूनही तिच्या डोळ्यांपुढं पाणी आलं, काठ आला, चिखल आला, आणि ती दारात जाऊन उभी राहिली, जणू दारातून उजनी दिसणार होती.

दोघं परत आले ते उन्हं कलताना, धुळीनं माखलेले, अंगाला माशांचा वास. इफ्राच्या गुडघ्याला खरचटलं होतं आणि ती थकलेली नव्हती. पिशवीतलं काहीच बाहेर निघालेलं नव्हतं. “अगं, काय पळते ही!” शाकीर बूट काढता-काढता सांगू लागला. “पाणी मागं सरलंय ना, सगळं मैदान झालंय. आमी मोटार खोलून बसलेलो, ही आपली काठानं सुसाट. केळी खाल्ली. मासा खाल्ला. आणि ऐक तर! मानसिंगची आई, बजाबाई, बांधावर बसलेली. ही पळत-पळत तिच्याकडं गेली आणि तिच्यापुढं पाठ करून उभी राहिली. हलेचना. म्हातारी म्हणते, ‘काय गं माजे बाय, खाजतंय व्हय?’ आणि लागली की खरखरा पाठ खाजवायला! ही बघतीय वळून. म्हातारी म्हणते, ‘हितं का तितं?’ आमी सगळे हसून-हसून आडवे. मानसिंग म्हणतो, शाकीरभाई, लेकीला खरूज झालीय काय?” शाकीरच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. इफ्राही हसत होती, अब्बू हसतात म्हणून. गुलनाज हसली. आणि हसता-हसता मधेच थांबली.

कारण पाठ करून उभं राहणं तिला माहीत होतं. इफ्रा खाली पार्किंगमध्ये मुलांबरोबर पळायची, आणि खेळ अर्ध्यात टाकून बाकावर बसलेल्या आईकडं यायची, पाठ फिरवून उभी राहायची. गुलनाज हात ठेवायची. पाठ वर, खाली, वर. “जा,” ती म्हणायची, आणि इफ्रा पुन्हा पळायची. हा त्यांच्यातला खेळ आहे असं तिला वाटायचं. चिमणी येऊन दाणा टिपून जाते तसं काहीतरी लाडिक. कधी सुरू झाला आठवत नव्हतं. आता शाकीर हातपाय धुवायला गेला आणि ती तिथंच हॉलमध्ये उभी राहून आठवू लागली, तर आठवेना की इफ्रा कधी आपण होऊन दमली होती. पोर दमून बसलीय, धापा टाकतेय, मग पुन्हा उठलीय, असं कधी झालंच नव्हतं. ती दमायच्या आधी येत होती. तिला पळताना काय होतंय ते तिचं तिला कळत नव्हतं. ते आईच्या तळहाताला कळत होतं. बजाबाई नावाच्या, कधी न बघितलेल्या म्हातारीपुढं ती पाठ करून उभी राहिली, कारण तिथं मोठं बाईमाणूस तेवढं एकच होतं. म्हातारीनं ‘जा’ म्हटलं नाही. खाजवलं. मग ती किती वेळ उभी राहिली असेल? आणि मग? “मग काय झालं?” ती न्हाणीघराच्या दाराशी जाऊन म्हणाली. “कशाचं?” आतून पाण्याचा आवाज. “खाजवल्यावर. मग ती काय करत होती?” “काय करणार? पळाली. परत आली नाही मग, जेवायलाच आली. का गं?” “काही नाही.”

रविवारची रात्र कशी गेली कोण जाणे. सोमवारी दुपारी रशीदाबी हॉलमध्ये खिडकीपाशी हिरव्या कापडाच्या पट्ट्या घेऊन बसल्या. नाराजी एकीकडं, पण घरातलं माणूस एवढ्या लांब निघालं की इमाम-जामिन शिवायचंच: पट्टीत नाणं शिवायचं, निघताना ती दंडावर बांधायची, आणि पोचलं की सोडून ते नाणं गरिबाला द्यायचं. तोवर जाणारा इमामाच्या जामिनावर. निघायला अजून अवकाश होता, पण त्यांना कुठलंच काम शेवटावर ठेवायची सवय नव्हती. इफ्रा खाली खेळायला गेली होती. गुलनाज बाजूला सुई ओवून द्यायला बसली. “छोटी थी ना ये, अक्कलकोट से लाए तब,” रशीदाबी सहज बोलल्या, “तेरी अम्मी बांधे थे बोलते ना इमाम-जामिन?” “हौ.” दंड इतका बारीक होता की पट्टी राहीना, शेवटी पायाला बांधली होती, तिला आठवलं. काचेत ठेवताना कुणीतरी ती कापून तिच्या हातात दिली, हे बाहेर ठेवा म्हणून. “अस्पताल पहुंचे तो किसकू दिए फिर?” गुलनाजच्या हातातला दोरा सुईच्या नेढ्याशी तसाच राहिला. कुणाला दिलं? कुणालाच नाही. तिनं ते पर्समध्ये टाकलं होतं, ती पर्स पुढं कुठं गेली ते ठाऊक नाही. इतक्या वर्षांत तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. “दिए नै, अम्मी. भूल गई मैं.” रशीदाबींनी मान वर केली. आधी कपाळाला आठी पडली, आणि मग त्या बोलून गेल्या, अर्ध्या थट्टेत, अर्ध्या नाही, “या अल्ला. मतलब बच्ची अभी पहुंचीच नै?”

गुलनाज हसायला गेली, तर रडूच आलं. तिला एकदम वळसंगच्या पुढचा तो रस्ता दिसला, जो तिनं तेव्हा बघितलाच नव्हता. गाडी चाललीये, चाललीये, बाहेर ऊन आहे, आणि मांडीवरची मुलगी आता मोठी झालीय, तिचे पाय सीटवरून खाली लोंबतायत, तिला उतरायचंय, आणि कुणी गाडी थांबवत नाही. “रोती कायकू गे?” रशीदाबींनी तिच्या हातातून सुई काढून घेतली. “इसमें क्या है? अब दे डालो. देर हुई तो हुई. अल्ला के पास क्या टैम लिखा रैता?” त्यांनी शिवणाच्या डब्यातून एक नाणं काढलं, गुलनाजच्या हाताला लावलं, आणि पदराच्या टोकाला बांधून टाकलं, संध्याकाळी दर्ग्यापाशी बसणाऱ्या म्हातारीला द्यायला. झालं. एवढंच होतं. इतकं सोपं असेल तर मग आपण इतकी वर्षं काय करत होतो, असं तिला वाटलं, आणि हेही वाटलं की हे सोपं नाही, अम्मींना कळलेलंच नाही काही. आणि यातलं कुठलं खरं ते तिला ठरवता येईना.

तेवढ्यात शाकीरचा फोन आला. मागं दुकानातला आवाज होता, कुणीतरी पाइप मोजत होतं. “गुल, कंपनीचा माणूस आलाय. नावं मागतोय. सांग आता, दोन की तीन?” खालून मुलांचा गलका येत होता. “दोन,” ती म्हणाली. “बरं झालं,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली सुटका तिला ऐकू आली; त्यालाही तेच हवं होतं तर, बिचारा बोलला नव्हता. “अम्मीकडं राहील ती, मजेत राहील, तू उगीच…” “तुम्ही आणि इफ्रा.” पाइप मोजणं चालू होतं. “काय म्हणालीस?” “तुम्ही दोघं जा. मी नाही येत.” “अगं, तू… थांब, बाहेर येतो.” रस्त्याचा आवाज. “काय झालं? भांडलीस का अम्मीशी? घाबरलीस?” “हो.” “कशाला?” ते तिला सांगता येईना. बर्फाला? उंचीला? त्यावरून तर ती डोळे मिटून घसरून आली होती. “ती तुमच्यासंगं पळते,” ती म्हणाली, “माझ्यापाशी येऊन थांबते.” त्याला समजलं असेल की नसेल. तिला तरी कुठं समजलं होतं. “आणि तिकडं तिला काही झालं तर?” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात ती गोष्ट होती जी आजवर फक्त तिच्याजवळ होती. तिला त्याची दया आली, आणि आपण हे त्याच्या हातात देतोय याची लाजही वाटली. तरी तिनं हात मागं घेतला नाही. “तर तुम्ही आहात,” ती म्हणाली. “पाणी पाजत राहा. नाव देऊन टाका.”

फोन ठेवल्यावर तिनं बघितलं, रशीदाबी दोन पट्ट्या मांडीवर ठेवून तिच्याकडं बघत होत्या. सगळं ऐकलं होतं, मराठीतलं असलं तरी. त्यांनी लांब पट्टी घेतली, मधोमध दुमडली, आणि कात्रीनं छोटी केली, लहान दंडापुरती. “पक्का?” “हौ.” “मैं समझी तू जाएगी. तेरेच वास्ते भाकऱ्या थापी मैं.” मग दोरा दातानं तोडत, नजर न उचलता, “फिर तू क्या करेगी इत्ते दिन, अकेली?” गुलनाजनं तोंड उघडलं. काहीतरी उत्तर असायला हवं होतं. माळे झाडीन, अक्कलकोटला जाऊन येईन, मसाले करीन. तिनं आत शोधलं, जसं पर्समध्ये हात घालून शोधावं, आणि हाताला जे लागलं तेच बाहेर आलं. “सोऊंगी,” ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

रशीदाबींनी गाठ आवळली. नाणं आत नीट बसलंय का, अंगठ्यानं चाचपलं.

“सो,” त्या म्हणाल्या. “मैं नै उठाती.”